सोनसळीचा पोचा

फाल्गुन उतरला होता. सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर पर्णहीन पांगारे पेटले होते. पान नाही, सावली नाही. नुसती आरक्त फुलं, आणि फुलाफुलावर मधुलुब्ध साळुंक्यांची भांडणं. मोती तलावाच्या पाण्यावर माध्यान्हीचं ऊन निश्चल पडून होतं. वारा आला तर काजूच्या मोहोराचा उग्रमधुर वास घेऊन येई, नाही तर येतच नसे.

फुलांचं कौतुक पाखरांना. माणसांना पांगाऱ्याचं लाकूड हवं. हलकं, मऊ, पांडुरवर्ण, पटाशीपुढे कधी हट्ट न करणारं लाकूड. चितारआळीत त्याचीच केळी होतात, त्याचेच आंबे होतात, त्याच्याच टपोऱ्या डोळ्यांच्या बाहुल्या होतात. दुकानांच्या फळ्यांवर हा अविनाशी फळबाजार बारमाही मांडलेला असतो, आणि त्यातलं एकही फळ आजवर कुणी खाल्लेलं नाही.

आळीच्या वळणावरच्या घरात पुरुषोत्तम चितारी त्या लाकडातून एक मोटार काढत होता. केळी-आंबे करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने साठी उलटल्यावर मोटार करायला घ्यावी याचं आळीला हसू येत होतं. त्याला मात्र येत नव्हतं. तो देव घडवावा तशा गांभीर्याने मोटार घडवत होता.

कारण ती मोटार म्हणजे सोनसळी होती.

चाळीस वर्षांपूर्वी, टीव्ही नावाचं नवल घरोघरी यायचं होतं तेव्हा, रविवारी सकाळी एक मालिका लागायची. घाटातल्या खेड्यापाड्यांतून रुग्णांकडे जाणारा एक सडाफटिंग डॉक्टर, आणि त्याची जुनी, लांब नाकाची, गोल पाठीची मोटार. मालिकेचं नाव आता लोकांना आठवावं लागतं. डॉक्टरचा चेहराही पुसट झाला आहे. पण सोनसळी हे नाव विसरलेला माणूस त्या पिढीत शोधून सापडायचा नाही. पडदा कृष्णधवल, धुक्याने भरलेला, मधूनच मुंग्या येणारा. तरी गाडी सोनेरीच आहे याविषयी कुणालाही शंका नव्हती. ज्याने त्याने आपल्या मनातलं सोनं तिच्यावर चढवलं होतं.

एका रविवारी त्या डॉक्टरने वाटेत आडव्या आलेल्या वासराला वाचवण्यासाठी गाडी मैलाच्या दगडावर घातली. पुढच्या चाकावरचा पत्रा आत गेला. वासरू उठून चालू लागलं आणि अवघी चितारआळी टीव्हीसमोर हळहळली. डॉक्टरने तो पोचा शेवटच्या भागापर्यंत काढून घेतला नाही. सौभाग्यवतीने कुंकू मिरवावं तसा सोनसळीने तो पोचा मिरवला.

आता कोल्हापुरात स्थायिक झालेले, मूळचे वेंगुर्ल्याचे केळुसकर नावाचे गृहस्थ चितारआळीत आले होते. बालपणीच्या त्या मालिकेचं त्यांना अजून वेड. त्यांना हातभर लांबीची, हुबेहूब प्रमाणातली, लाकडाची सोनसळी हवी होती. पाडवा झाला की घेऊन जाईन म्हणाले. फोटो पाठवू का, असंही त्यांनी विचारलं. पुरुषोत्तमने मान हलवली. ‘फोटो कशाला? ती माझ्या डोळ्यांत आहे,’ असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची मान किंचित ताठ झाली.

मग ठोकळ्यातून हळूहळू गाडी उजेडात येऊ लागली. आधी ते दीर्घ, अभिमानी नाक. मग चाकांवरून उसळून मागे विरत जाणाऱ्या पत्र्याच्या दोन लाटा. मग गोल पाठ, पाठीवर बांधलेलं जादा चाक. दारं उघडत होती. काचा मात्र नव्हत्या, काचांच्या जागी कोकणातली हवा होती. अंगठीएवढं सुकाणूचाक त्याने कातून काढलं आणि उजव्या अंगाला बसवलं. भुसा उडत होता. त्याच्या भुवया, त्याच्या पापण्या, त्याचे कान त्या पांडुर धुळीने माखत होते आणि तो लेकराला न्हाऊ घालावं तशी फुंकर मारून गाडी स्वच्छ करत होता.

सर्वांत शेवटी त्याने गोल पटाशी घेतली आणि पुढच्या डाव्या चाकावर पोचा कोरला. एका बाजूने उतरता, दुसऱ्या बाजूने कडेला मुडपलेला. हात मागे घेऊन त्याने पाहिलं. बरा जमला होता. तो स्वतःशीच खूश झाला.

लाकूड त्याचं, रंग तिचा. त्या घरातली ही जुनी रीत. पुरुषोत्तमची बायको मालिनी लग्न होऊन आली ती कुंचला घेऊनच आली, असं तिची सासू म्हणायची. तो घडवायचा आणि ठेवून द्यायचा. ती उचलायची आणि रंगवायची. मधे बोलणं नसे. केळं किती पिकलेलं, आंब्याच्या गालावर लाली किती, हे तिचं तिने ठरवायचं. त्याने कधी तिच्या रंगाला नाव ठेवलं नाही, तिने कधी त्याच्या आकाराला. चाळीस वर्षं असा तो निःशब्द संसार रंगत आला होता, आणि दोघांनाही त्यात काही उणं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मालिनीने गाडी उचलली. उजेडात धरली. फिरवली. पुन्हा फिरवली.

“ह्या काय केल्यात तुमी?” ती म्हणाली. “पोचो उजव्या अंगाक होतो.”

पुरुषोत्तमला आधी ऐकूच आलं नाही, कारण असं काही ऐकायची त्याला सवय नव्हती.

“डाव्या अंगाक गो,” तो म्हणाला. “माझ्या डोळ्यांसमोर आसा.”

“माझ्याय डोळ्यांसमोर आसा. आणि डॉक्टर डाव्या अंगाक बसान गाडी चालवायचो. डाव्या खिडकीतसून त्याचा कोपर भायर दिसायचा.”

तो हसला. मोठ्याने हसला. गाडी कुठल्या बाजूने चालवतात ते सांगू लागला. ती ऐकत राहिली, आणि त्याचं हसून झाल्यावर तिने गाडी होती तिथे ठेवली.

“मी चुकीच्या गाडयेक रंग लावचंय नाय.”

एवढंच बोलून ती आत गेली. आवाज चढला नव्हता, भांडं आपटलं नव्हतं. पण पुरुषोत्तमच्या घरात असा भूकंप आजवर झाला नव्हता. तो सुन्न होऊन बसला, आणि सुन्नपणा ओसरल्यावर त्याच्या जागी राग आला. लाकडाची गाडी लाकडाच्याच रंगाची, विवस्त्र, आळीकडे तोंड करून फळीवर उभी राहिली.

रागाच्या भरात त्याने जे करायचं नाही म्हटलं होतं तेच केलं. केळुसकरांना फोन करून फोटो मागवला. फोटो आला. सोनसळी घाटाच्या वळणावर उभी होती. डॉक्टर उजव्या खिडकीतून वाकून पाहत होता. आणि पोचा डावीकडे होता, स्वच्छ, निर्विवाद, तंतोतंत त्याने कोरला होता तसा. पुरुषोत्तमचा ऊर भरून आला. तो फोन हातात धरून जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेला, आणि विजयी वीरासारखा त्याने तो तिच्या पुढ्यात नाचवला.

मालिनीने हात पदराला पुसले. फोन दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. तिचा चेहरा पडला, आणि मग त्या चेहऱ्यावर काहीतरी आलं जे पुरुषोत्तमने तिथे कधी पाहिलं नव्हतं. ती भ्यालेली होती.

“मगे मी बघलंय ता काय?” तिने विचारलं. त्याच्याकडे न पाहता, चुलीवरच्या भाताकडे पाहत विचारलं. आणि थोड्या वेळाने म्हणाली, “आवशीचां असांच सुरू झालां होतां.”

मालिनीच्या आईला शेवटची काही वर्षं माणसं ओळखू येत नव्हती. आधी दिवस हरवले, मग वाटा, मग मुलांची नावं. आणि एके सकाळी लेकीकडे पाहून तिने, ‘तू कोणाची गो?’ असं विचारलं होतं. ते शब्द मालिनीच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले होते. आता तो काटा हलला.

तिने कुंचला खाली ठेवला.

केळी पिवळ्याविना राहिली. आंबे लालीविना राहिले. बाहुल्या डोळ्यांविना, आंधळ्या, ओळीने भिंतीला टेकून राहिल्या. रंग लावायला बसायची म्हटलं की मालिनी म्हणायची, माझा भरवसा धरू नका, हिरव्याच्या जागी निळा लावून बसेन. ती घरात वावरत होती; पण प्रत्येक गोष्ट दोनदा पाहत होती. मीठ घातलं का, दार लावलं का. डबे उघडून बघायची आणि झाकायची. पुरुषोत्तम जिंकला होता, आणि त्या जिंकण्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. बायको बरोबर ठरली असती तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पाडवा तोंडावर आला. तलावाकाठची झाडं कोवळी, ताम्रवर्ण पालवली. केळुसकरांचा फोन येऊन गेला. एका दुपारी पुरुषोत्तमने गाडी फळीवरून उचलली. ती बाहेर येत नाही तर आपण गाडी आत न्यावी, तिच्या हातात द्यावी, काकुळतीने सांगावं, असं त्याने ठरवलं. बाहेरची खोली ओलांडून तो माजघराच्या दारापर्यंत गेला. मालिनी आत तांदूळ निवडत बसली होती. काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत तो क्षणभर दारात, आतल्या बाजूला थबकला. आणि बोलायचा धीर होईना म्हणून मागे वळून बाहेरच्या खोलीकडे पाहू लागला.

समोरच्या भिंतीला उंच काचेचं कपाट होतं. वडिलांच्या वेळचं, घरातले उत्तमोत्तम नमुने ठेवायचं. दुपारचा उजेड त्या काचेवर पडला होता, आणि काचेत एक म्हातारा हातात मोटार घेऊन उभा होता. म्हाताऱ्याच्या मोटारीला उजवीकडे पोचा होता. सुकाणूचाक डावीकडे होतं.

पुरुषोत्तमने हातातल्या गाडीकडे पाहिलं. काचेतल्या गाडीकडे पाहिलं. हातातल्या गाडीकडे पाहिलं.

मग त्याने मान वाकडी करून टीव्हीची ती जुनी जागा शोधली. टीव्ही असायचा तो या दाराच्याच भिंतीला लागून, दारापलीकडच्या कोपऱ्यात, उंच स्टुलावर. समोर वडिलांची आरामखुर्ची. खुर्चीभोवती जमिनीवर तो, त्याचे भाऊ, शेजारपाजार. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. माजघराच्या दारातून टीव्हीचा पडदा दिसणं शक्यच नव्हतं. दिसत असे तो समोरच्या कपाटाच्या काचेत.

“गो,” त्याने हाक मारली. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. “सोनसळी लागायची तेवा तू खंय उभी रवायचंस?”

मालिनीने सुपातून डोळे वर केले. “खंय म्हणजे? तुमी आता उभे आसात थंयच. भायर मामंजी बसलेले असत ना.”

सासऱ्यांसमोर सून बसत नसे. हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी विचारलेलंही नव्हतं; भिंतीला भिंत असावी तसं ते होतं. नवी नवरी, डोईवर पदर, दाराच्या सावलीत उभी. हातात कधी लाटणं, कधी ओलं फडकं. आणि सगळं घर ज्या दिशेला पाहत होतं तिच्या उलट दिशेला पाहत, ती एकटीच एका काचेत आपली सोनसळी पाहत होती. काच पुढे विस्मरणात गेली. चित्र तेवढं राहिलं. ते चित्र तिने चाळीस वर्षं जपलं, आणि ते चित्र लवमात्र चुकीचं नव्हतं.

त्याला आठवलं, मालिका संपली की तो आत यायचा आणि विचारायचा, बघितलंस ना? ती हो म्हणायची. कुठून बघितलंस, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही. मान जराशी वळवली असती तर दिसली असती. मान वळवली नाही. या विचाराने पुरुषोत्तमला लाज वाटली.

त्याने तिला दाराशी बोलावलं, स्वतःच्या जागी उभं केलं आणि गाडी घेऊन तो टीव्हीच्या जागेपाशी गेला. मालिनी काचेत पाहत राहिली. उजवीकडचा पोचा. डावीकडचं सुकाणूचाक. तिचा हात हळूच चौकटीवर टेकला.

“म्हणजे माझां डोक्यां ठीक आसा,” ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली. त्या हसण्यात एवढ्या दिवसांचं भय भुशासारखं उडून गेलं. पण हसू ओसरत आलं तसे तिचे डोळे काचेवरच खिळून राहिले.

“म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “खरी सोनसळी मी कधी बघूकच नाय.”

केळुसकरांकडून मालिकेचा तुकडा मागवतो, फोनवर बघ, असं काहीतरी पुरुषोत्तम पुटपुटला. ती नको म्हणाली. आता बघून काय करू, म्हणाली. मग बाहेर येऊन तिने रंगाच्या वाट्या मांडल्या आणि डाव्या पोच्याची ती खरी गाडी रंगवायला घेतली. हात स्थिर होता, रंग निर्दोष होता. सोनेरी लाखेचे थर एकावर एक चढत गेले. पण ती रंगवत होती ती दुसऱ्या कुणाची तरी गाडी, आणि पुरुषोत्तमला ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पांगाऱ्याचा नवा ठोकळा घेतला. रंगवलेली गाडी त्याने काचेच्या कपाटासमोर ठेवली आणि स्वतः कपाटाकडे तोंड करून बसला. गाडीकडे पाहायचं नाही, काचेकडे पाहायचं. काचेत दिसेल ते कोरायचं. आयुष्यभर सरळ चाललेला हात अडखळू लागला. डावं उजवं झालं, उजवं डावं झालं, पटाशी भलत्याच कडेला जाऊन थांबू लागली. दोनदा बोट कापलं. जिथून ती पाहत होती तिथून पाहणं इतकं कठीण असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तरी तो पाहत राहिला. काचेतून दीर्घ नाक आलं, काचेतून गोल पाठ आली, काचेतून पोचा उजवीकडे उतरला.

घडवली आणि ठेवून दिली.

मालिनीने ती उचलली. फिरवली. पुन्हा फिरवायची तिला गरज पडली नाही. मग तिने सोनेरी रंगात चिमूटभर शेंदरी मिसळला, जो पहिल्या गाडीला नव्हता. आणि दिवस कलेपर्यंत ती रंगवत राहिली, गुणगुणत राहिली, एकदाही कुणाला काही न विचारता.

पाडवा झाला. केळुसकर आले. पुरुषोत्तमने खरी सोनसळी त्यांच्या हाती ठेवली तेव्हा त्या सुखवस्तू, टक्कल पडलेल्या गृहस्थाचे डोळे भरून आले. त्यांनी पोच्यावरून बोट फिरवलं, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि तेवढ्यात त्यांची नजर कपाटाशेजारच्या दुसऱ्या गाडीवर गेली.

“अहो पुरुषोत्तमराव,” ते खळखळून हसले, “ही तर उलटी झाली! पोचा या बाजूला, स्टिअरिंग त्या बाजूला. आधी चुकली वाटतं?”

पुरुषोत्तम उत्तर देणार होता. पण माजघराच्या दारात बांगड्या वाजल्या.

परक्या माणसासमोर मालिनी बाहेरच्या खोलीत येत नसे. चहा आला तरी तो दारातून आत-बाहेर जाई. आज ती दार ओलांडून आली. खोलीच्या मध्यावर, जिथे एके काळी सासऱ्यांची खुर्ची असायची, तिथे येऊन उभी राहिली.

“उलटी नाय हां ती,” ती म्हणाली. “मी बघलंय तशी आसा.”

केळुसकर गोंधळले. त्यांनी पुरुषोत्तमकडे पाहिलं. पुरुषोत्तम केळुसकरांकडे पाहत नव्हता. तो मान वळवून बायकोकडे पाहत होता.

मालिनीने ती गाडी उचलली आणि जमिनीवर ठेवली. दोघा पुरुषांच्या देखत खाली बसली, गुडघे मुडपून, पदर मागे टाकून; आणि एका बोटाने तिने गाडीला हलकेच ढकललं. लाकडी चाकं कुरकुरली. मग फिरली. सोनसळी चालली. लादीवरून चालली, पाहुण्यांच्या चपलांना वळसा घालून चालली, डावीकडच्या रिकाम्या बैठकीवर कुणी आहे असं मानून ऐटीत चालली. चैत्राचं ऊन उंबरठ्याच्या आत हातभर आलं होतं. त्या उन्हात ती शिरली, शेंदरी सोन्याने झळाळली, आणि थांबली.